गरोदर जावेला स्टडीत घ्यायचं म्हणतात, सही करावी का?

मीनल (राजेंद्रनगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे, पण विचारतेय मी, कारण घरात या विषयावर सध्या नीट बोलणंच होत नाहीये.

तिची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी सातवा महिना सरता सरता बीपी वाढलं, चेहरा-पाय सुजले, लघवीत प्रोटीन आलं आणि ३३व्या आठवड्यात घाईघाईनं सिझर करावं लागलं. बाळाला काचपेटीत ठेवलं होतं. तो आता चार वर्षांचा आहे आणि घरभर धुडगूस घालतो, देवाची कृपा. जावेला आता तेरावा आठवडा चालू आहे. इथल्याच एका खासगी इस्पितळात दाखवतोय. डॉक्टरबाई म्हणाल्या, मागचं सगळं बघता ॲस्पिरिनची छोटी गोळी रोज द्यावीच लागेल. मग म्हणाल्या, आमच्याकडे एक स्टडी चालू आहे. निम्म्या बायकांना ७५ मिलिग्रॅम, निम्म्यांना १५०, कोणाला कुठला डोस ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही यात याल का?

कागद घरी दिलेत. हिंदीत आहेत, चांगलं जाडजूड बाड आहे. जावेनं सगळं वाचलं. सासूबाईंनी फक्त शेवटचं पान पाहिलं. तिथे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न असे रकाने आहेत आणि त्याखाली नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. मृत्यू झाल्यास भरपाईसाठी, असं लिहिलंय. झालं! "पोटुशी पोरीला वारस विचारतात, हे कसलं औषध?" म्हणून त्यांनी कागद कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. सासरे म्हणतात, इंदूरमध्ये ट्रायलच्या नावानं काय झालं ते मी पेपरात वाचलंय, आपल्या घरचं माणूस त्यात घालायचं नाही. दीर गप्प. आणि जाऊ म्हणते, मला जायचंय, मागच्या वेळी हे टाळायला काही औषध असतं हेच मला कोणी सांगितलं नव्हतं.

गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी म्हणतात, म्हणजे वेळ फार नाही. नाही म्हटलं तर पुढे बाळंतपणात वागणूक बदलते का? बाळाला काही झालं तर जबाबदार कोण? आणि विचारून यायचं तर नेमकं काय विचारायचं? माहितगारांनी कृपया लिहा.

अण्णा (लोकमान्यनगर, इंदूर)

मीनलताई, सासऱ्यांचं ऐका. मी त्या वेळी नोकरीत होतो, सगळं डोळ्यांदेखत वाचलंय. लोक आजार बरा करायला जात होते आणि आपल्यावर नव्या औषधाची चाचणी चालली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, असे आरोप झाले. कागद इंग्रजीत, सही कुठे करायची ते बोटानं दाखवायचं. प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. ॲस्पिरिन द्यायचीच आहे तर सरळ चिठ्ठीवर लिहून द्या म्हणावं. त्यासाठी स्टडी कशाला?

सुनंदा काकू (इंदूर)

मीनल, मी इथेच इंदूरला प्रसूती विभागात संशोधनाचं काम पाहत असे. डॉक्टर नव्हे. संमतीचे कागद समजावून सांगणं, तपासणीच्या तारखा सांभाळणं, न आलेल्या बाईला फोन करणं, हे माझं काम. आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण त्या शेवटच्या पानामुळे उठून गेलेल्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांची भीती खोटी नसते.

आधी त्या नॉमिनीच्या रकान्याबद्दल. अण्णा म्हणतात ते प्रकरण दिल्लीला गेलं ते आपल्याच गावातून. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ती चालू असतानाच, ३० जानेवारी २०१३ला केंद्र सरकारनं नियम बदलले. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, कायमची हानी किंवा मृत्यू झाला तर भरपाई, हे नियमात आलं. भरपाई द्यायची तर ती कोणाच्या हाती द्यायची आणि हिशेब कशावर धरायचा? म्हणून संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी हे रकाने घातले. त्याआधीच्या कागदांत ते नव्हते. म्हणजे सासूबाईंना ज्याची धास्ती वाटली तो रकाना बाईच्या बाजूनं भांडलेल्या लोकांमुळे तिथे आहे. तो नसलेला कागद कोणी पुढे केला असता तर मी जास्त घाबरले असते. सासूबाईंना हे शांतपणे, त्यांच्या शेजारी बसून सांगा. वाद घालून नको.

बाळाचं विचारलंस. त्याच नियमांत पोटातल्या बाळाचा स्पष्ट उल्लेख आहे. आईनं चाचणीत भाग घेतल्यामुळे गर्भाला इजा झाली तर तीही चाचणीचीच इजा धरतात. २०१९ मध्ये नवे औषध व चिकित्सा चाचणी नियम आले, त्यांतही हे कायम आहे.

आता अण्णांचा प्रश्न, स्टडी कशाला? रास्त प्रश्न आहे. ॲस्पिरिन द्यावी की नाही याचं उत्तर तुमच्या जावेपुरतं ठरलेलं आहे, द्यावी. किती द्यावी यावर अजून एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना ७५ मिलिग्रॅम सांगते. युरोपात मोठा अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात जास्त धोका असलेल्या १,७७६ बायका होत्या आणि डोस होता १५०, रोज रात्री. ३७ आठवड्यांच्या आत प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे जावेला मागच्या वेळी झाला तसला बीपी वाढण्याचा आजार, होण्याचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. पण तिथे १५०ची तुलना नुसत्या खोट्या, बिनऔषधाच्या गोळीशी होती, ७५शी नव्हती. आपल्या बाजूला नागपूर आणि बेळगाव इथल्या बायका एका सहा देशांच्या अभ्यासात होत्या, एकूण ११,९७६ पहिलटकरणी, डोस ८१. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६वर आली. मग इंदूरच्या बाईला ७५ पुरे की १५० हवेत? तुमच्या डॉक्टर एक डोस चिठ्ठीवर लिहून देतीलच, पण तोच का, असं विचारलंत तर प्रामाणिक डॉक्टर म्हणेल, माझा अंदाज. तो अंदाज संपवायला स्टडी.

असं होतं का कधी? होतं. कॅल्शियमचं बघ. गरोदर बाईनं दिवसाला दीड ग्रॅमपर्यंत कॅल्शियम घ्यावं असं वर्षानुवर्षं सांगत आलो. मोठाल्या गोळ्या, मळमळ, बद्धकोष्ठ, बायका गोळ्या डब्यात साठवून ठेवत. मग बेंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींना घेऊन ५०० आणि १,५०० मिलिग्रॅम असे दोन डोस ताडून पाहिले. २०२४च्या सुरुवातीला निकाल आला: प्रीएक्लॅम्पसिया टाळायला ५०० काही १,५००पेक्षा कमी पडत नाही. कोणालाही नुसत्या खोट्या गोळ्यांवर ठेवलं नव्हतं. तुझ्या जावेच्या अभ्यासाची रचना तशीच वाटते.

आणि मागच्या वेळचं आठव. बीपी फार वाढलं होतं तर झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम दिलं असेल. कंबरेत देतात ते इंजेक्शन फार दुखतं, बाई विसरत नाही. १९९५पर्यंत कित्येक ठिकाणी झटके आलेल्या बाईला डायझेपाम किंवा फेनिटॉइन ही दुसरी औषधं देत. त्या वर्षी १,६८७ बायकांच्या अभ्यासातून कळलं की मॅग्नेशियम दोन्हींपेक्षा सरस आहे. त्यात भारतातल्याही बायका होत्या. पुढे २००२ साली ३३ देशांतल्या १०,१४१ बायकांच्या अभ्यासातून कळलं की मॅग्नेशियम आधीच दिलं तर झटके निम्म्याहून कमी होतात. त्या सगळ्या गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बायका होत्या आणि प्रत्येकीच्या घरी कोणीतरी नको म्हणणारं असणारच. 'गरोदर आहे, हिला राहू दे' म्हणून बाईला प्रत्येक अभ्यासातून वगळलं, तर औषध तिला पुढे मिळतंच, फक्त अंदाजानं मिळतं. हे मला फार लागतं, म्हणून इतकं लिहिलं.

पण म्हणून डोळे मिटून सही करायची नाही. माझ्या मते एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: स्टडीत गेले नसते तर मला जे मिळालं असतं, त्यापेक्षा कमी तर मिळणार नाही ना? तिला आधी हा आजार होऊन गेलाय, तिला ॲस्पिरिनविना ठेवणारा गट असता तर मी सरळ सांगितलं असतं, जाऊ नका. इथे दोन्ही गटांना खरी गोळी आहे. तरी लेखी बघून घ्या. मग विचारा, जास्तीच्या सोनोग्राफ्या आणि रक्ताच्या तपासण्यांचा खर्च कोण देणार. औषध कंपनी नाही, डॉक्टरांनी स्वतः काढलेला अभ्यास असेल, तर भरपाईची सोय इस्पितळानं केलेली असावी लागते. विमा आहे का, कधीपर्यंतचा आहे, तो कागद मागा. पोटात अल्सर किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी सांगा, ॲस्पिरिन चालेलच असं नाही. रात्री-बेरात्री रक्तस्राव झाला तर कोणाला फोन करायचा, त्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर कागदावर हवा. सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणायची, तो हक्क आहे. आणि सीटीआरआय म्हणजे चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००७पासून आहे, कोणालाही फुकट पाहता येते. तिथला नोंदणी क्रमांक मागा आणि घरी शोधून बघा. कागदावरचा डोस आणि तिथला डोस जुळायला हवा.

नाही म्हटलं तर? नाही म्हणण्याचा आणि मध्येच सोडण्याचा पूर्ण हक्क आहे, त्यामुळे उपचारात फरक करायचा नसतो. तो कोणी केला तर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यासात बाईच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या, सचिवांचा नंबर त्याच कागदावर असतो, तिथे फोन करायचा.

आणि एक काळजीचं. घरच्या वादापायी गोळीचे दिवस घालवू नका. स्टडी नको असं ठरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा म्हणजे त्या नेहमीप्रमाणे गोळी सुरू करतील. मनानं घरी सुरू करू नका.

अण्णा (लोकमान्यनगर, इंदूर)

सुनंदाताई, नॉमिनीचा रकाना आपल्या गावच्या याचिकेच्या काळात आला हे मला ठाऊक नव्हतं. पण एथिक्स कमिटी इस्पितळाचीच ना? आपल्याच घरचा न्याय!

सुनंदा काकू (इंदूर)

अण्णा, कमिटी इस्पितळात बसते, पण निम्मे तरी सदस्य बाहेरचे लागतात आणि अध्यक्षही बाहेरचा. किमान सात जण, त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक सर्वसामान्य नागरिक, एक तरी बाई. मी ज्या बैठकांना कागद घेऊन जात असे तिथे सगळ्यांत अवघड प्रश्न त्या सर्वसामान्य नागरिकाच्या खुर्चीतून येत. 'ही ओळ माझ्या सुनेला कळणार नाही, पुन्हा लिहा' असं ऐकून आम्ही पानंच्या पानं परत लिहिली आहेत. सगळीकडे इतकं नीट चालतं असा माझा दावा नाही. म्हणून तर प्रश्न विचारून या म्हणते.

मंजुषा (दांडिया बाजार, बडोदा)

मी अशा एका अभ्यासात होते, फक्त तो गोळीचा नव्हता, ऑपरेशनचा होता. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत माझी डावी किडनी सुजलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, दिवसांत थोडी सूज येतेच, बहुधा उजवीकडे, बाळंतपणानंतर बघू. बाळंतपणानंतरही उतरली नाही. किडनीतून नळी निघते तो सांधा अरुंद होता. दुर्बिणीनं तो भाग कापून पुन्हा जोडायचा आणि आत काही आठवडे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवायचा, असं ठरलं. अभ्यास त्या स्टेंटचा होता, लवकर काढला तर चालतो का नेहमीइतका ठेवावा लागतो. स्टेंटनं लघवीला फार जळजळतं, कंबर भरून येते, त्यामुळे हा प्रश्न कोणीतरी विचारतंय याचंच मला बरं वाटलं.

काकूंच्या प्रश्नांत ऑपरेशनवाल्यांनी एक वाढवावा: दोन्ही गटांत ऑपरेशन करणारा हात तोच आहे का, आणि शिकाऊ डॉक्टर करणार असतील तर शेजारी कोण उभं असेल.

माझ्याकडच्या कागदांत एक मोठी गोष्ट सुटली होती. नंतर किडनीचा स्कॅन करायचा होता, त्यात शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात. मी अंगावर पाजत होते. त्या दिवशी बाळाला किती वेळ पाजायचं नाही, कडेवर घ्यायचं की नाही, याबद्दल पानभर मजकुरात चकार शब्द नव्हता. मी विचारलं तेव्हा त्यांनी स्कॅनवाल्यांशी बोलून मला लेखी सूचना दिल्या आणि पुढच्या बायकांसाठी कागदातही घातल्या. मीनल, जावेला सांग, कागद वाचताना आपला दिवस डोळ्यांसमोर आणायचा. लिहिणाऱ्याच्या घरी तान्हं मूल असेलच असं नाही.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे उत्तमच, असं सगळ्यांना वाटतं. मलाही फायदा झाला, लवकर उठले, बाळाला उचलू शकले. दुर्बिणीनं किडनी काढायचं पहिलं ऑपरेशन १९९० साली अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. राल्फ क्लेमन यांनी केलं आणि पुढे ही पद्धत भराभर पसरली. पण गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये काय झालं ते मुद्दाम सांगते. तिथेही बरेच सर्जन दुर्बिणीकडे वळले होते. मग ६३१ बायकांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. २०१८ साली निकाल आला: साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के, दुर्बिणीच्या गटात ८६. टाके लहान, पण कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त. त्या बायकांनी सह्या केल्या नसत्या तर हे कळलं असतं का? म्हणून कोणी 'आम्हाला खात्री नाही, तपासतोय' म्हटलं तर मला ते 'काळजी करू नका'पेक्षा बरं वाटतं.

मीनल (राजेंद्रनगर, इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचा निरोप सासूबाईंना वाचून दाखवला, दुपारी, भाजी निवडताना. रकान्याचं ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग स्वतः किल्ली दिली. सासऱ्यांनी सीटीआरआयवर नंबर टाकून सगळी माहिती मोठ्यांदा वाचून दाखवली. डोस जुळतो.

मग आम्ही चौघं इस्पितळात गेलो, सासरेही आले. दोन्ही गटांना खरी गोळी आहे, ७५वाल्यांना सोबत एक बिनऔषधाची, म्हणजे दिसायला सगळ्यांच्या दोन-दोन. जास्तीच्या दोन सोनोग्राफ्या फुकट. बाळंतपणाचा खर्च आपला. विम्याचा कागद दाखवला, त्याची तारीख जावेच्या दिवसांच्या पुढपर्यंतची आहे. गोळी ३६व्या आठवड्यात थांबवणार. एकाच बाबतीत समाधान झालं नाही. बाळाला पुन्हा काचपेटीत ठेवावं लागलं तर तो खर्च कोणाचा, यावर कोऑर्डिनेटर 'बघू' म्हणाले. काकू, याचं काय समजायचं?

सुनंदा काकू (इंदूर)

'बघू' हे उत्तर नव्हे, लिहून घ्या. पण तुम्हाला खरं काय ते आधी सांगते, म्हणजे नंतर मन दुखणार नाही. ॲस्पिरिन घेऊनही काही बायकांना हा आजार होतोच, आणि आजारामुळे बाळ लवकर झालं तर ती चाचणीची इजा धरत नाहीत. तो खर्च सहसा घरचाच. गोळीमुळे काही झाल्याची शंका असेल, तर इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार फुकट करायचे असा नियम आहे. तुम्ही कोऑर्डिनेटरना एवढंच विचारा: बाळाच्या बाबतीत ती शंका कोण ठरवणार आणि ठरेपर्यंत काचपेटीचं बिल कोण भरणार? दोन ओळी, सही-शिक्क्यासह. न दिल्यास एथिक्स कमिटीच्या सचिवांना फोन करा. त्यांना असले फोन आलेले आवडतात, निदान आवडायला हवेत.

मीनल (राजेंद्रनगर, इंदूर)

मिळालं लेखी. काल डॉक्टरबाईंनी स्वतः लिहून दिलं: शंका आली तर प्रकरण कमिटीपुढे जाईल आणि तोवरचं बिल इस्पितळ भरेल. जावेनं सही केली, प्रत घरी आणली, रात्रीपासून गोळी सुरू. घरी रोज बीपी मोजून वहीत लिहायला सांगितलंय. मशीन दंडाचं घ्यावं की मनगटाचं? दुकानदार मनगटाचं सोपं म्हणतोय.

सुनंदा काकू (इंदूर)

दंडाचंच घ्या, आणि पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते दुकानातच लावून बघा. लहान पट्ट्यात आकडा उगाच जास्त येतो. एकदा इस्पितळात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्या. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, बोलायचं नाही, मग मोजायचं. १४०/९० किंवा वर आलं तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा, तसंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० असेल तर फोनवर वेळ न घालवता निघा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीखाली उजवीकडे कळ येणं, यांपैकी काहीही झालं तर आकडा कितीही असो, दाखवून या. वहीत आकड्याबरोबर वेळही लिहायला सांग.